वडिलांनी आडनाव लावू दिलं नाही, तेव्हा सूटच्या लेबलवरचं नाव घेतलं. तोच गडी पुढं अस्सल शेरलॉक होम्स ठरला

शेरलॉक होम्स म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं?

आजच्या पोरांना विचारलं तर बेनेडिक्ट कंबरबॅच. लांब कोट, मोबाईलवर मेसेज टाकणारा, टॅक्सीतून लंडन पालथं घालणारा होम्स. काही जण रॉबर्ट डाउनी ज्युनियरचं नाव घेतील. पण ज्यांनी भालबा केळकरांच्या मराठी अनुवादातून होम्स वाचलाय, किंवा मूळ इंग्रजी कथांची पारायणं केलीत, अशा माणसाला एकदा विचारून बघा. तो पुस्तकातली वर्णनं आठवेल, थोडा वेळ घेईल आणि एकच नाव सांगेल.

जेरेमी ब्रेट.

१९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं, एकूण ४१ भाग. ब्रिटनच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनची ही मालिका संपून तीस वर्षं होऊन गेली, तरी पुस्तकातला होम्स जसाच्या तसा पडद्यावर बघायचा असेल तर आजही याच मालिकेचं नाव पुढं येतं.

पण या माणसाबद्दल अजून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. होम्सच्या भूमिकेनं त्याला वेड लावलं, त्या भूमिकेनंच त्याला गिळलं, अशी. ऐकायला भारी वाटते, पण खरं काय झालं ते वेगळं आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

तर सुरवातीपासून सांगतो.

३ नोव्हेंबर १९३३. इंग्लंडच्या वॉरिकशायरमधल्या बर्क्सवेल या गावात ह्युगिन्स घराण्यात पोरगं जन्माला आलं. नाव ठेवलं पीटर जेरेमी विल्यम ह्युगिन्स. चार भावांतला सगळ्यात धाकटा. वडील ब्रिटिश लष्करात लेफ्टनंट कर्नल, युद्धात शौर्यपदक मिळवलेले. घर मोठं, पैसा बक्कळ, शिस्त कडक. पोराला शिकायला घातलं ते थेट ईटनला, म्हणजे जिथून ब्रिटनचे पंतप्रधान बाहेर पडतात त्या शाळेत.

पण तिथं पोराचं काय जमेना.

त्याला डिस्लेक्सिया होता. अक्षरं नीट लागायची नाहीत, अभ्यासात कायम मागं. त्यात अजून एक अडचण म्हणजे बोलण्यातला दोष. त्याला ‘र’ नीट उच्चारता यायचा नाही. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला आणि जाताना हृदयाला कायमची इजा करून गेला. ही हृदयाची गोष्ट लक्षात ठेवा, ती शेवटी परत येणार आहे.

जमायचं ते एकच, गाणं. शाळेच्या गायकवृंदात त्याचा आवाज उठून दिसायचा.

अशा पोरानं घरी सांगितलं, मला नट व्हायचंय.

आता विचार करा. ज्याला ‘र’ म्हणता येत नाही, ज्याला छापलेलं वाचताना घाम फुटतो, तो म्हणतोय मी रंगमंचावर उभा राहून संवाद म्हणणार. पण गडी जिद्दी होता. किशोरवयात शस्त्रक्रिया झाली, बोलण्यातला दोष गेला, पण तो तेवढ्यावर थांबला नाही. उच्चारांचे व्यायाम सुरू केले आणि मोठा नट झाल्यावरही ते सोडले नाहीत. पुढं ज्याच्या शब्दफेकीची लोक उदाहरणं देऊ लागले, ती शब्दफेक अशी घासून घासून आलेली होती.

लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामामध्ये त्यानं प्रवेश घेतला. पण वडिलांना हे खानदानाच्या इज्जतीला धरून वाटत नव्हतं. नाटकवाला व्हायचं तर हो, पण ह्युगिन्स हे नाव जाहिरातीच्या पाटीवर दिसता कामा नये, असं त्यांनी बजावलं.

मग नवं नाव आणायचं कुठून? पोराचं लक्ष आपल्या पहिल्या सूटच्या लेबलकडं गेलं. त्यावर शिंप्याच्या कंपनीचं नाव होतं, ब्रेट अँड कंपनी.

झालं. पीटर जेरेमी विल्यम ह्युगिन्सचा जेरेमी ब्रेट झाला.

१९५४ साली मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरमधून त्यानं व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवलं. दिसायला राजबिंडा असल्यामुळं दोनच वर्षांत सिनेमाचं दार उघडलं. १९५६ च्या ‘वॉर अँड पीस’मध्ये तो ऑड्री हेपबर्नचा भाऊ झाला. १९५८ मध्ये त्यानं अॅना मॅसी या अभिनेत्रीशी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव डेव्हिड. त्याच १९५९ साली जेरेमीची आई मोटार अपघातात गेली. १९६२ मध्ये लग्नही मोडलं.

आणि १९६४ मध्ये आला ‘माय फेअर लेडी’.

आपल्याकडं पु. ल. देशपांडेंनी ज्यावरून ‘ती फुलराणी’ लिहिलं, त्याच बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून हा सिनेमा आलेला. रस्त्यावर फुलं विकणाऱ्या पोरीला शुद्ध बोलायला शिकवण्याची गोष्ट. ‘र’ म्हणता न येणाऱ्या पोराला उच्चारांवरच्या सिनेमात काम मिळालं, हा योगायोग बघा. त्यात जेरेमी झाला फ्रेडी, म्हणजे नायिकेच्या घराखाली रस्त्यावर उभा राहून गाणं म्हणणारा प्रेमवीर.

पण गंमत अशी की शाळेत ज्याच्या गाण्याचं कौतुक होतं, त्या जेरेमीचा आवाज सिनेमात नाहीच. पडद्यावर ओठ त्याचे हलतात, गातोय बिल शर्ली नावाचा दुसराच गायक.

या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले. जेरेमी मात्र ‘देखणा प्रेमवीर’ या खोक्यात अडकला. त्यातून सुटायला तो रंगभूमीकडं वळला. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या हाताखाली नॅशनल थिएटरमध्ये शेक्सपिअर केला. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये ऑलिव्हिए शायलॉक आणि जेरेमी बसॅनिओ. टीव्हीवर ‘थ्री मस्केटियर्स’चा दार्तान्यां झाला. १९७९ मध्ये बीबीसीच्या ‘रेबेका’मध्ये तो नायक होता, आणि त्यातल्या घराचा कोपरान् कोपरा धाकात ठेवणाऱ्या मिसेस डॅनव्हर्सच्या भूमिकेत कोण होतं? त्याचीच घटस्फोटित बायको, अॅना मॅसी.

१९७० च्या दशकात त्याचं दुसरं लग्न झालं, जोन विल्सन या अमेरिकन निर्मातीशी. अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर ब्रिटिश मालिका दाखवण्याचं मोठं काम ती बघायची. १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर जेरेमीनं होम्सच्या एका नाटकातही काम केलं. पण होम्स म्हणून नाही. होम्स झाला होता ‘बेन हर’वाला चार्लटन हेस्टन, आणि जेरेमी त्याचा डॉक्टर वॉटसन.

म्हणजे पन्नाशी जवळ आली होती, काम भरपूर झालं होतं, पण हाच तो जेरेमी ब्रेट असं लोकांनी म्हणावं अशी भूमिका अजून मिळाली नव्हती.

तेवढ्यात ग्रॅनाडाचे निर्माते मायकेल कॉक्स त्याच्याकडं आले.

कॉक्स यांचा विचार साधा होता. होम्सवर तोपर्यंत ढिगानं सिनेमे निघाले होते, पण आर्थर कॉनन डॉयलनं लिहिलेला होम्स त्यात क्वचितच सापडायचा. बेसिल रॅथबोनच्या गाजलेल्या सिनेमांत होम्स तर नाझींशीही लढला होता आणि वॉटसनला पार वेंधळा म्हातारा करून टाकलं होतं. कॉक्स म्हणाले, आपण पुस्तकाकडं परत जाऊ.

त्यासाठी त्यांनी ‘बेकर स्ट्रीट फाईल’ नावाचं एक टिपण बनवलं. तब्बल ७७ पानांचं. होम्स काय खातो, काय ओढतो, चिडल्यावर काय करतो, खोलीत कुठली वस्तू कुठं असते, वॉटसनला नेमकी कुठं जखम झाली होती, असं सगळं मूळ कथांमधून वेचून त्यात लिहिलं. मँचेस्टरच्या स्टुडिओत बेकर स्ट्रीटचा अख्खा रस्ता उभा केला.

आणि या सगळ्यात सगळ्यात कट्टर कोण निघाला, तर जेरेमी. ज्याला एकेकाळी अक्षरं लागत नव्हती, तो आता डॉयलचं पुस्तक घेऊन सेटवर बसायचा. पटकथेत मूळ कथेपेक्षा वेगळं काही दिसलं की थेट भांडण.

त्यामुळं या होम्सच्या डोक्यावर ती दोन टोकांची शिकारी टोपी लंडनमध्ये दिसतच नाही. ती टोपी खेड्यापाड्यात जाताना घालायची, शहरातल्या सभ्य माणसानं नाही. शहरात तो काळा कोट आणि उंच हॅट घालतो. १८९० च्या दशकात ‘स्ट्रँड’ मासिकात सिडनी पॅजेट यांनी होम्सची चित्रं काढली होती. मालिकेतल्या कित्येक चौकटी त्या चित्रांसारख्याच लावल्या आहेत.

२४ एप्रिल १९८४ ला पहिला भाग लागला आणि लोक बघतच राहिले.

हा होम्स शांत बसून पाईप ओढणारा काका नव्हता. एका क्षणी डोळे मिटून पुतळ्यासारखा बसलाय, दुसऱ्या क्षणी सोफ्यावरून उडी मारून पलीकडं. जमिनीवर पालथा पडून गालिचा हुंगतोय. मधेच कुत्र्यासारखं भुंकावं तसं एकदाच हसणार, की चेहरा परत दगडासारखा. उद्धट, एकलकोंडा, पण एखादी बाई अडचणीत येऊन समोर बसली की आवाज एकदम मऊ. आणि वॉटसन झालेला डेव्हिड बर्क वेंधळा नव्हता. तो लढाई बघून आलेला, शहाणा, मित्राला सांभाळून घेणारा डॉक्टर होता.

जेरेमीनं होम्सचं लहानपणही मनाशी रचलं होतं. आईची माया न मिळालेलं, एकटं वाढलेलं पोर. पुस्तकात यातलं काही नाही. पण हा माणूस असा का झाला, हे कळल्याशिवाय त्याला तो उभा करता येत नव्हता. होम्स आपल्याला जड जातो, त्याच्या आत फार अंधार आहे, अशा अर्थाचं तो मुलाखतींमधून बोलायचा.

इथूनच ती दंतकथा सुरू झाली. पण आता १९८५ मध्ये काय झालं ते बघा.

‘द फायनल प्रॉब्लेम’ या भागाचं चित्रीकरण होतं. होम्स आणि प्रोफेसर मोरियार्टी धबधब्यात कोसळतात ती कथा. ग्रॅनाडानं ते स्वित्झर्लंडच्या खऱ्या रायशेनबाख धबधब्यावर जाऊन केलं. पडद्यावर होम्स मरत होता आणि तिकडं जोनचा कॅन्सर हाताबाहेर चालला होता. जुलै १९८५ मध्ये ती गेली. सप्टेंबरमध्ये हा भाग टीव्हीवर लागला.

त्यानंतर ग्रॅनाडानं पुढच्या पर्वाची तयारी केली, कारण कथेतही होम्स परत येतोच. वॉटसन बदलला. डेव्हिड बर्कला लहान मुलाला वेळ द्यायचा होता, म्हणून त्यानं मालिका सोडली आणि जाताना एडवर्ड हार्डविकचं नाव सुचवलं. जेरेमी कामावर आला, पण दुःखाला वेळ दिलाच नव्हता.

१९८६ मध्ये तो कोसळला. त्याला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. डॉक्टरांनी निदान केलं, मॅनिक डिप्रेशन. आज त्यालाच बायपोलर डिसऑर्डर म्हणतात.

हा आजार काय असतो? साधं सांगायचं तर मनाचे दोन टोकांचे हेलकावे. एका टोकाला माणूस प्रचंड जोशात असतो, झोप लागत नाही, डोक्यात विचारांची गाडी सुसाट असते, बोलणं आणि खर्च कशालाच ब्रेक नसतो. दुसऱ्या टोकाला इतकी उदासी की अंथरुणातून उठवत नाही. आपल्याकडं अशा माणसाला ‘लहरी’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असं म्हणून लोक मोकळे होतात. पण हा आजार आहे. तो अंगात आधीपासून असू शकतो आणि एखाद्या मोठ्या धक्क्यानं उसळी मारू शकतो.

जेरेमीला निदान झालं तेव्हा तो बावन्न-त्रेपन्न वर्षांचा होता. बायको जाऊन वर्षच झालं होतं आणि मालिकेचं ओझं डोक्यावर होतं. असं सगळं समोर असताना एका काल्पनिक गुप्तहेराला दोष देणं सोपं आहे, पण बरोबर नाही.

उपचार म्हणून त्याला लिथियम सुरू झालं. हे औषध आजही बायपोलरच्या महत्त्वाच्या औषधांमध्ये मोजलं जातं. मन ताळ्यावर ठेवायला ते मोठी मदत करतं. पण रक्तातलं त्याचं प्रमाण सतत तपासावं लागतं आणि काही जणांना दुष्परिणामही होतात. जेरेमीच्या अंगात पाणी साठायला लागलं. चेहरा सुजला, वजन वाढलं, हालचाल मंदावली. त्यात लहानपणीच दुखावलेलं हृदय, आणि दिवसाला साठेक सिगारेटी ओढायची सवय.

पुस्तकातला होम्स म्हणजे काटकुळा, लांब नाकाचा, ससाण्यासारखा. शरीर त्यापासून लांब चाललंय हे जेरेमीइतकं कुणाला खुपत असेल? ज्या माणसानं टोपी चुकीची नको म्हणून हट्ट धरला, त्याला आता आरशात चुकीचा होम्स दिसत होता.

तरी तो थांबला नाही. १९८८ मध्ये लागलेल्या ‘द डेव्हिल्स फूट’ या भागात दोन गोष्टी घडल्या, त्या मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत.

पहिली कोकेनची. मूळ कथांमधला होम्स कंटाळा आला की कोकेन टोचून घेतो. मालिका लहान मुलंही बघतात हे जेरेमीच्या लक्षात आलं होतं. मग पुस्तकातला एक शब्द बदलू न देणाऱ्या या माणसानं स्वतःच नियम मोडला. कॉनन डॉयलची मुलगी डेम जीन कॉनन डॉयल यांची संमती घेतली आणि या भागात होम्स आपली सिरिंज समुद्रकाठच्या वाळूत पुरून टाकताना दाखवला. पुस्तकात असा प्रसंग नाही.

दुसरी गोष्ट एका हाकेची. होम्स आयुष्यभर मित्राला ‘वॉटसन’ अशी आडनावानंच हाक मारतो. या भागात विषारी धुरानं त्याची शुद्ध हरपते, भास व्हायला लागतात, वॉटसन त्याला ओढत बाहेर आणतो. शुद्धीवर येताना जेरेमीच्या तोंडून हाक येते, ‘जॉन!’ बस, एवढंच. पण ज्यांनी होम्स वाचलाय त्यांच्या अंगावर काटा येतो.

त्याच वर्षी लंडनच्या विंडहॅम्स थिएटरमध्ये ‘द सीक्रेट ऑफ शेरलॉक होम्स’ हे नाटक सुरू झालं. रंगमंचावर दोनच माणसं, जेरेमी आणि एडवर्ड हार्डविक. ते सुमारे वर्षभर चाललं. मधे रुग्णालयाच्या वाऱ्या, पुन्हा काम, पुन्हा रुग्णालय. या सगळ्या काळात हार्डविक पडद्याबाहेरही त्याचा वॉटसन होऊन राहिला.

१९९४ मध्ये शेवटचे सहा भाग आले. ते बघवत नाहीत, असं त्याचे चाहतेच सांगतात. श्वास पुरत नाही, चालताना धाप लागते. सेटवर प्राणवायूचा मास्क ठेवावा लागायचा. ‘द मॅझरिन स्टोन’च्या वेळी तर तो इतका आजारी होता की होम्सचं काम त्याचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट झालेल्या चार्ल्स ग्रे यांच्याकडं द्यावं लागलं. याच सहा भागांत ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ पण आहे. त्यात होम्स गुन्हेगाराला पकडण्यासाठी मरायला टेकल्याचं सोंग करतो.

एप्रिल १९९४ मध्ये मालिका थांबली. डॉयलच्या साठ होम्सकथांपैकी सगळ्या करायचं स्वप्न अर्धवट राहिलं.

पण जेरेमीनं त्यानंतर जे केलं, ते माझ्या मते होम्सइतकंच मोठं आहे.

त्या काळी मानसिक आजार म्हणजे लपवायची गोष्ट. त्यात टीव्हीवरचा स्टार, कर्नलचा पोरगा, ईटनचा विद्यार्थी. घराण्याचं नाव पाटीवर नको म्हणणाऱ्या संस्कारात वाढलेला. पण १९९५ मध्ये त्यानं मॅनिक डिप्रेशन फेलोशिप या रुग्णांसाठीच्या संस्थेकरता बीबीसी रेडिओवरून मदतीचं आवाहन केलं. मला हा आजार आहे, असं स्वतःच्या तोंडानं जगाला सांगितलं. तीच संस्था आज ‘बायपोलर यूके’ नावानं काम करते.

१२ सप्टेंबर १९९५ ला लंडनच्या क्लॅपममधल्या घरी जेरेमी ब्रेट गेला. हृदय बंद पडलं. वय ६१. म्हणजे त्याला नेलं ते लहानपणी दुखावलेल्या, नंतर औषधांनी आणि सिगारेटींनी थकवलेल्या हृदयानं. शेरलॉक होम्सनं नाही.

उलट नीट बघितलं तर आजाराच्या त्या नऊ वर्षांत तो पुन्हा पुन्हा उठून उभा राहिला, तो होम्ससाठीच.

आणि जाता जाता एक गोष्ट. त्याचा मुलगा डेव्हिड मोठा होऊन लेखक झाला. पुस्तकावर त्यानं जे आडनाव लावलं, ते ब्रेट नाही.

ते आहे ह्युगिन्स.

जे आडनाव लावायला बापाला बंदी होती, ते पोरानं राजरोस छापलं. आणि सूटच्या लेबलवरचं उसनं नाव बापानं इतकं मोठं केलं, की आज होम्सचा विषय निघाला की पहिल्यांदा तेच निघतं.